मोर्चाने पगार वाढतो का? अंशतः अनुदानित शाळेतल्या एका शिक्षकाला उत्तर

प्रश्न विचारणारे सर काटोल तालुक्यातल्या एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतात. शाळा ४० टक्के टप्प्यावर आहे, म्हणजे शिक्षकांच्या पगाराचा ४० टक्के हिस्सा सरकार अनुदान म्हणून देतं. ते विचारतात: संघटना दरवर्षी हिवाळी अधिवेशनावर मोर्चा नेते, आश्वासन मिळतं, आम्ही घरी परततो, अशा संघटनेची वर्गणी भरत राहायची का? मोर्चाने खरंच पगार वाढतो का? काही सहकारी या वेळी आमरण उपोषणाला बसणार आहेत, मीही बसू का? आणि "मोर्चाला गेलात तर बघून घेऊ" असं संस्थाचालक म्हणतात, त्याचं काय करायचं?

सर, उपोषणाचं आधी सांगतो, कारण ते तातडीचं आहे. आमरण उपोषणाला बसू नका, आणि सहकाऱ्यांनाही बसू देऊ नका. साखळी उपोषण करा, धरणं धरा, घंटानाद करा, संविधान चौकात दिवसभर उभे राहा. पण पगाराच्या मागणीसाठी कुणा शिक्षकाचं मूत्रपिंड निकामी व्हावं, हे मला मान्य नाही. आमरण उपोषणाची दुसरीही एक बाजू आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उपोषणकर्त्याची तब्येत ढासळते आणि संघटनेचं सगळं लक्ष मागणीवरून त्याच्या जिवावर जातं. मग कुणीतरी पुढारी येतो, लिंबूपाणी पाजतो, तोंडी शब्द देतो, आणि माणूस वाचला या समाधानात सगळे तो शब्द स्वीकारतात. वाटाघाट करण्याची ताकद आपण आपल्या हाताने घालवून बसतो.

आता पगार वाढतो का, याबद्दल. वाढतो. पण मोर्चा संपल्यावर जे काम सुरू व्हायला हवं ते झालं तरच. त्यासाठी तुमचा पगार मुळात कुठे अडकलाय ते नीट पाहावं लागेल.

नोव्हेंबर २००१ मध्ये राज्य सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मान्यता द्यायला सुरुवात केली. या शाळांना अनुदान कधीच मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द काढला गेला. तो काढून घेण्यासाठी राज्यभरच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला होता, आणि आज तुम्हाला जे ४० टक्के मिळतात त्याचं मूळ तिथे आहे. त्यानंतर शाळांच्या मूल्यांकनाचे निकष आले, तपासण्या झाल्या, पात्र-अपात्र याद्या निघाल्या, आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान लागू झालं. म्हणजे शब्द गेल्यापासून पहिला पैसा येईपर्यंत सात वर्षं. २०१६ मध्येच औरंगाबादेत विनाअनुदानित शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला होता. हे वीस टक्के कुणी दयेने दिलेले नाहीत. अपेक्षा अशी होती की प्रचलित पद्धतीप्रमाणे दर वर्षी २० टक्क्यांची भर पडून शाळा शंभर टक्क्यांवर जाईल. तसं घडलं नाही. प्रत्येक टप्प्यासाठी नवा शासन निर्णय, नवी तपासणी आणि नवं आंदोलन करावं लागलं.

हे आकड्यांत बघा. माध्यमिकच्या बी.एड. शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये. ४० टक्क्यांवर त्यातले १५,४४० रुपये होतात, भत्तेही त्याच प्रमाणात. शेजारच्या पूर्ण अनुदानित शाळेत तोच तास, तोच अभ्यासक्रम, तीच दहावीची परीक्षा घेणाऱ्या शिक्षकाला पूर्ण वेतन. शिक्षण सेवकांचं मानधनसुद्धा जानेवारी २०२३ पासून माध्यमिकला ८,००० वरून १८,००० झालं. म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षण सेवकाचं मानधन तुमच्या टप्प्यावरच्या मूळ वेतनापेक्षा जास्त. ही तुलना त्या पोरांच्या विरोधात नाही. त्यांचे १८,००० हेही कमीच आहेत. पण ही तफावत पालकांना, पत्रकारांना, आमदारांना एका ओळीत कळते, म्हणून निवेदनात ती पहिल्या परिच्छेदात हवी.

उरलेले ६० टक्के कुणी द्यायचे? कायद्याने संस्थेने. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा अनुदान मिळो वा न मिळो, राज्यातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, आणि १९८१ च्या नियमावलीच्या अनुसूचीत वेतनश्रेणी दिल्या आहेत. प्रत्यक्षात बहुतेक संस्था ही रक्कम देत नाहीत, आणि मागणारा शिक्षक संस्थेच्या डोळ्यांत खुपतो. त्यामुळे सगळी मागणी सरकारकडे वळते. ते स्वाभाविक आहे. तरी संस्थेची जबाबदारी निवेदनातून वगळू नका. वगळली की ती कागदावरूनही नाहीशी होते.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. मंत्र्याने अधिवेशनात "टप्पा वाढ देऊ" असं म्हणणं आणि तुमच्या खात्यात पैसे जमा होणं, यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. मंत्रिमंडळाची मंजुरी. वित्त विभागाची सहमती. शासन निर्णय. अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चात) त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या खर्चाच्या ठरलेल्या खात्यात, तरतूद. मग निधी वितरणाचा आदेश, शिक्षण संचालनालय, विभागीय उपसंचालक, शिक्षणाधिकारी, वेतन पथक, शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीत टप्पा बदलणं, मुख्याध्यापकांनी बिल सादर करणं. यातल्या कुठल्याही पायरीवर फाइल थांबू शकते, आणि थांबते. बहुतेक संघटनांचं बळ पहिल्या पायरीवरच खर्च होतं.

ताजं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, अंशतः अनुदानित शाळांना पुढच्या टप्प्याचा शासन निर्णय निघाला. गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले. पैशांची तरतूद मात्र झाली नव्हती. परिणामी जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना भर पावसाळ्यात मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं आणि ८ व ९ जुलैला राज्यात शाळा बंद ठेवण्याची हाक द्यावी लागली. आधीच निघालेल्या शासन निर्णयातले पैसे मिळावेत म्हणून हे दुसरं आंदोलन. त्यातून निधी देण्याचं ठरलं. हे दुसरं आंदोलन झालं नसतं तर तो शासन निर्णय संकेतस्थळावर नुसता पडून राहिला असता.

म्हणून माझी तुम्हाला सवय लावून घ्यायची विनंती आहे: शासन निर्णय हातात आला की आधी शेवटचा परिच्छेद वाचा. तिथे वित्त विभागाचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि दिनांक, म्हणजे त्यांच्या सहमतीची नोंद असते, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून भागवायचा ते असतं. ते दोन्ही स्पष्ट असेल तर निर्णयाला पाय आहेत. "स्वतंत्र आदेश निर्गमित करण्यात येतील" किंवा "निधीच्या उपलब्धतेनुसार" अशी भाषा असेल तर त्याच दिवसापासून पुढच्या लढ्याची तयारी करा. तालुक्याच्या सभेत कुणाला हार घालण्याआधी हा परिच्छेद मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

याच हिशोबात आपल्या नागपूरच्या मोर्चाची वेळ बसते, आणि इथे संघटना हमखास मागे पडतात. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं. पुरवणी मागण्या साधारणपणे अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी सभागृहात मांडल्या जातात. त्यात शालेय शिक्षण विभागाचे कोणते प्रस्ताव घ्यायचे, ते विभाग आणि वित्त विभाग यांच्यात त्याआधी ठरलेलं असतं. पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पासाठीचे अंदाजही याच सुमारास, दिवाळीच्या आगेमागे तयार होत असतात. मग दुसऱ्या आठवड्यात आपण यशवंत स्टेडियमवरून निघून "तरतूद करा" म्हणतो, तेव्हा त्या अधिवेशनापुरती ती वेळ टळून गेलेली असते. मोर्चा डिसेंबरातच काढा, पण कागदाचं काम गणपतीनंतर लगेच सुरू करा. जिल्ह्यात किती शाळा कोणत्या टप्प्यावर आहेत, किती पदं मंजूर आहेत, पुढच्या टप्प्याला वर्षाला नेमका किती खर्च येईल, याचं पत्रक संघटनेनेच तयार करून शिक्षण संचालनालयात आणि मंत्रालयात द्यायचं. माहितीच्या अधिकारात विचारायचं: या लेखाशीर्षाखाली मागणी किती पाठवली, मंजूर किती झाली, खर्च किती झाला? उत्तर कायद्याने तीस दिवसांत यायला हवं. असं उत्तर हाती असलेलं शिष्टमंडळ मंत्र्यांच्या दालनात गेलं की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. "मागण्या रास्त आहेत, सरकार सकारात्मक आहे" एवढ्यावर त्यांना वाटेला लावता येत नाही.

शिष्टमंडळाबद्दल थोडं. मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडवर अडवला जातो. मग पोलीस विचारतात, आत कोण जाणार? चार-पाच जणांना विधानभवनात नेतात. इथे नेहमी ज्येष्ठ पदाधिकारी जातात. मी म्हणेन, त्यात एक जण वीस टक्क्यांवरचा शिक्षक असू द्या आणि एक शिक्षिका असू द्या, आणि दोघांना बोलूही द्या. बैठक झाल्यावर इतिवृत्त मागा. इतिवृत्तावर कुणाची सही होणार, कधी होणार, त्याची प्रत कुणी आणायची, हे तिथेच ठरवा. बाहेर येऊन ट्रकवरून भाषण करताना "मान्य झालं" हा शब्द लेखी काही असेल तरच वापरा. थंडीत गडचिरोली, गोंदियाहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला खरं ऐकण्याचा हक्क आहे. पैसे आले नाहीत की पुढच्या वर्षी तो येत नाही. मोर्चे लहान होत गेले त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

आणि मोर्चा नेणाऱ्या प्रत्येकाने २३ नोव्हेंबर १९९४ डोक्यात ठेवावा. अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन विधानभवनाकडे निघालेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात याच भागात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लहान मुलं मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळच्या स्मारकावरून आपण दर वर्षी घोषणा देत जातो. मोर्चा अडवला गेला की मागचे पुढे ढकलतात, कारण पुढे काय झालंय ते त्यांना दिसत नाही. म्हणून दर शंभर माणसांमागे ओळखू येईल असा स्वयंसेवक, मागच्या टोकाला निरोप पोहोचवणारी माणसं, बाजूने बाहेर पडायची मोकळी वाट, पाणी, आणि लेकरं घेऊन आलेल्या शिक्षिकांना पटवर्धन मैदानावरच थांबण्याची सोय, हे सगळं परवानगीच्या अर्जाइतकंच आवश्यक आहे.

संपाचं तुम्ही विचारलं नाही, तरी विचाराल म्हणून सांगतो. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली झाला, शिक्षकही त्यात होते. मुख्य मागणी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची. संप मागे घेतला तेव्हा ती हाती आली नव्हती. १९७८ मध्ये सरकार बदललं आणि मग तो निर्णय झाला. २०१३ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांनी सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसह इतर मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर ९६ दिवस बहिष्कार टाकला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, बहिष्कार थांबला, आणि पुढे ७१ दिवसांच्या पगारासाठी वेगळी लढाई करावी लागली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेला संप सात दिवस चालला, समितीच्या आश्वासनावर मिटला, आणि २०२४ मध्ये राज्याने जुन्या पेन्शनऐवजी केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली.

या तिन्हींतून मी जे शिकलो ते असं. संपाचा दाब काही काळापुरताच असतो, आणि तो दाब लेखी निर्णयात बदलून घेणारी माणसं आधीपासून तयार लागतात. कायद्याचं संरक्षणही बेताचंच. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरांबाल खटल्यात शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' नाहीत असं सांगितलं, आणि २००३ मध्ये रंगराजन खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. काम नाही तर वेतन नाही, हे गृहीत धरूनच उतरायचं. पूर्ण पगारावरचा शिक्षक आठ दिवसांची कपात सोसतो. तुमच्यासारख्याला तीच कपात घरभाडं आणि मुलांची फी यांवर येते. म्हणून संपाचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत अर्ध्या पगाराची माणसं बसलेली असली पाहिजेत.

परीक्षेच्या कामावर बहिष्कार हे अवघड हत्यार आहे. मी त्याच्या विरोधात नाही. उत्तरपत्रिका अडल्या की सरकार खरोखर हलतं. पण दहावीची पोरं तुमच्यासमोर रोज बसतात. कापूस वेचून, संत्र्याच्या बागेत मजुरी करून त्यांना शिकवणाऱ्या आईबापांना हा बहिष्कार आपल्याविरुद्ध वाटला, तर गाव तुमच्या बाजूने उभं राहणार नाही. पालक सभेत आधी बोला. पगारपत्रक दाखवा, लाजू नका. शाळा सुटल्यावर शिकवणी घेऊन, दुकानात हिशोब लिहून किंवा दुसऱ्याच्या वावरात राबून घर चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी ताज्या मनाने बीजगणित शिकवू शकत नाही, हे पालकांना सांगावं लागत नाही, त्यांना ते दिसतं. त्यांना एवढंच हवं असतं की आंदोलनात बुडालेले तास भरून निघतील. तसं लेखी देऊन टाका आणि पाळा. ज्या गावांत ग्रामपंचायतीने शिक्षकांच्या पगारासाठी ठराव करून दिला, तिथे आमदारांच्या बोलण्याचा सूर बदलताना मी पाहिला आहे.

आता वर्गणीचं. भरा, पण हिशोब मागा. संघटना कोणती, हे मी सांगणार नाही. विदर्भात विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, शिक्षक परिषद, नुटा (विद्यापीठ-महाविद्यालयीन प्राध्यापकांची), विज्युक्टा (कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांची) अशा वेगवेगळ्या स्तरांवरच्या जुन्या संघटना आहेत, आणि विनाअनुदानितांच्या कृती समित्याही आहेत. निवडताना एक गोष्ट तपासा: संघटनेच्या मागणीपत्रकात सर्वांत कमी पगाराच्या माणसाची मागणी कितव्या क्रमांकावर आहे? शंभर टक्के अनुदानितांच्या मागण्या वर आणि टप्प्यावरच्यांची मागणी तळाशी, "इतर" मध्ये, असं असेल तर सभेत उठून बोला. टप्पा पद्धतीने शिक्षकांचे तुकडे पडले आहेत. वीसवाला चाळीसवाल्याकडे बघतो, चाळीसवाला साठवाल्याकडे. त्यात शिक्षण सेवक, जिल्हा परिषदेचे शिक्षक, घड्याळी तासावरचे. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांतल्या शिक्षिका तर कुठल्याच यादीत नाहीत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींना तुमच्या ४० टक्क्यांपेक्षाही कमी मिळतं. प्रत्येक गट स्वतंत्र मोर्चा काढतो, आणि सरकारला प्रत्येकाशी वेगळं बोलणं सोपं जातं.

एक विषय संघटना टाळतात, मी टाळणार नाही. नोकरीसाठी संस्थेला मोजलेले पैसे, आणि बँकेत पूर्ण पगार जमा झाल्यावर त्यातला हिस्सा रोखीने परत करण्याची सक्ती. शिक्षकांच्या खोलीत हे सर्वांना माहीत असतं. व्यासपीठावर कुणी बोलत नाही, कारण काही संस्थाचालक संघटनांचे हितचिंतक असतात. या गप्प बसण्याची किंमत २०२५ मध्ये नागपूर विभागाने मोजली. बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा उघड झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं, शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, आणि पुढच्या पडताळणीच्या फेऱ्यात प्रामाणिकपणे लागलेल्या शिक्षकांनाही कागद घेऊन धावावं लागलं. आपण पगारवाढ मागतो तेव्हा समोरचा अधिकारी आता "आधी तुमचे खरे शिक्षक किती ते सांगा" असं म्हणू शकतो. संघटनेने स्वतःहून स्वच्छ याद्या मागितल्या पाहिजेत. आपल्याच पगाराच्या मागणीला त्याने बळ येईल.

न्यायालयाची वाटही आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वेतनश्रेणी, टप्पा, पेन्शन अशा विषयांवर शिक्षक याचिका करतात आणि त्यांना दिलासाही मिळतो. फक्त लक्षात ठेवा, आदेश बहुधा याचिकाकर्त्यांपुरता लागू केला जातो. शेजारच्या शाळेच्या निकालावर विसंबून राहू नका, संघटनेमार्फत एकत्र याचिकेत नाव घाला.

शिक्षक मतदारसंघाकडे दुर्लक्ष करू नका. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत, आपल्या विभागाचा एक: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून. जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत जुनी पेन्शन हाच मुद्दा ऐरणीवर होता आणि विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले निवडून आले. प्राथमिक शिक्षकांना हे मत नाही. माध्यमिकला मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेलं असलं की मिळतं, आणि अंशतः अनुदानितांनाही मिळतं. पण ही मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, नमुना १९ पुन्हा भरावा लागतो, त्याला मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र लागतं. टप्प्यावरच्या शाळांतले पुष्कळ शिक्षक हा अर्जच भरत नाहीत, आणि मग उमेदवारांच्या दृष्टीने त्यांची संख्या कमी दिसते.

राहिला संस्थाचालकांच्या धमकीचा प्रश्न. मोर्चाच्या दिवसासाठी किरकोळ रजेचा अर्ज लेखी द्या, दुय्यम प्रतीवर पोच घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी शाळेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. अर्जात कारण "वैयक्तिक काम" पुरेसं आहे. एकटे जाऊ नका, शाळेतले दोघे-तिघे मिळून अर्ज द्या. तुमची फाइल घरी ठेवा, शाळेच्या कपाटात नाही: नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, शिक्षणाधिकाऱ्यांचा वैयक्तिक मान्यता आदेश, शालार्थ आदेश, संचमान्यतेच्या (शाळेला मंजूर पदांच्या आदेशाच्या) प्रती, सेवापुस्तकाच्या प्रत्येक पानाची छायाप्रत. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या राजीनाम्यावर सही मागितली तर देऊ नका; आधी दिली असेल तर ती कशी घेतली गेली याचं पत्र आजच शिक्षणाधिकाऱ्यांना (माध्यमिक) पाठवून पोच जपून ठेवा. आणि तरीही त्यांनी सेवा समाप्तीचा किंवा पदावनतीचा आदेश हातात दिलाच, तर १९७७ च्या कायद्याच्या कलम ९ खाली नागपूरच्या शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. ते तीस दिवस संस्थेत विनवण्या करण्यात घालवू नका. आदेश मिळाला त्याच आठवड्यात संघटनेच्या कार्यालयात फाइल घेऊन या.